टर्बो न लावलेला उन्हाळा

कूलरचं जुनं गवत काढायला घेतलं की आमच्या घरी उन्हाळा लागला असं समजायचं. वर्षभर पाणी पिऊन त्या गवतावर क्षारांचा पांढरा थर बसलेला असतो. हातात घेतलं की तो बिस्किटासारखा मोडतो आणि त्याचा जुनाट, ओलसर वास दिवसभर बोटांना राहतो. यंदा ते काम मला दोन दिवस पुरलं. पूर्वी एका सकाळी व्हायचं. माझी बायको शोभा म्हणाली, "माणूस लावला असता तर नसतं का झालं?" झालं असतं. पण मग त्या दोन दिवसांत मी काय केलं असतं, हे तिनं विचारलं नाही.

चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये सकाळी आठनंतर पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. म्हणून मी सातलाच शेड उघडतो, गाडीवरची चादर काढतो, बॉनेटवरची राख पुसतो. वीज केंद्राची ही राख चादरीतूनही आत येते, पिठासारखी बारीक. मग चावी फिरवायची, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बंद करायचं. आठवड्यातून दोनदा. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं आणि एका सुरात गुणगुणत राहतं. ते ऐकताना समाधान वाटायला हवं. मला फक्त थकल्यासारखं होतं, आणि चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवतो, ज्यात मी आणि माझा मित्र मारोती एकाच गोष्टीवर बोलत होतो: या गाडीला टर्बो लावायचा की नाही.

मी तंत्रनिकेतनात वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. तीस वर्षं मुलांना इंजिन शिकवलं. पुस्तकात रोटरी इंजिनाला अर्धं पान होतं. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, इथे मात्र फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर, मधे किंचित दबलेल्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या पोकळीत गोल फिरतो. मी दरवर्षी फळ्यावर ती शेंग काढायचो, त्यात त्रिकोण काढायचो, बाण दाखवायचो. दरवर्षी कोणीतरी मागच्या बाकावरून विचारायचंच, "सर, तुमी पाह्यलं का हे इंजिन?" मी म्हणायचो, "नाई." मुलं हसायची. मीही हसायचो. पण घरी येताना सायकलवर तो त्रिकोण डोक्यात फिरत असायचा.

निवृत्तीला वर्षभर उरलं होतं तेव्हा कळलं की खाणीच्या वसाहतीत एका बंद गॅरेजात तसलीच एक गाडी पडून आहे. परदेशातून परतलेल्या कुण्या साहेबांनी आणलेली, दोन दारांची, बुटकी, जपानी. इंजिन जाम झाल्यावर साहेबांनी ती तशीच सोडली आणि बदली होऊन गेले. त्यांच्या नातेवाइकांनी ती भंगारात काढायच्या आधी मी घेतली. ट्रॅक्टरला बांधून ती घरी आणली तेव्हा आतल्या सीटमध्ये उंदरांचं घर होतं आणि शोभा दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं दार पूर्ण उघडलं.

मारोती मडावी मला त्याच वसाहतीत भेटला. तो खाणीच्या डंपर वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता. गाव एटापल्लीकडचं, जंगलातलं. विशीत खाणीवर लागला आणि घराएवढ्या डंपरच्या पोटात त्याची उमर गेली. टर्बो हाच त्याचा प्रांत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्याच पंख्यानं जास्तीची हवा इंजिनात कोंबायची, म्हणजे तेवढ्याच इंजिनात जास्त ताकद येते. टर्बोचा दांडा दोन बोटांत धरून हलवला की मारोतीला कळायचं, हा किती दिवसांचा सोबती आहे. गाडी ट्रॅक्टरला बांधताना तो तिथे उभा होता. म्हणाला, "मास्तर, हे उघडाल तवा मले बोलवा. मले फक्त पाहाचं हाय."

पाहायला आला आणि तीन वर्षं येत राहिला.

पुढे तो निवृत्त झाला, मग मीही झालो. दुपारी चारला त्याची लुना फाटकात वाजायची. आम्ही इंजिन खोललं तेव्हा मी पहिल्यांदा तो त्रिकोण हातात घेतला. कल्पनेपेक्षा जड होता. त्याच्या तिन्ही टोकांना बोटभर लांबीच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना सील म्हणतात. सगळं इंजिन त्या पट्ट्यांच्या जिवावर चालतं. एक तुटली की ती आतल्या भिंतीवर ओरखडे काढते आणि खेळ खलास. आमच्या तीन मोडल्या होत्या, भिंत मात्र नशिबानं शाबूत होती. नव्या पट्ट्या मिळवण्यात वर्ष गेलं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून येताना त्या मोज्यात गुंडाळून आणल्या. मारोतीनं त्या तळहातावर घेतल्या, उन्हात धरल्या आणि मला म्हणाला, "एवढ्याशा पट्टीवर गाडी चालते म्हणता?" त्यानंतर दोन दिवस तो त्यांना हात लावायला तयार नव्हता.

त्या वर्षांत आम्ही फारसं बोललो असं नाही. काम करताना बोलणं लागत नाही. उन्हाळ्यात पाने इतके तापायचे की ते पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावे लागायचे. पाना टाकला की आता छन्न आवाज येईल असं वाटायचं. डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा, तो पाच मिनिटांत कोरडा. पाच वाजता शोभा चहा आणायची आणि इंजिनाच्या भागांमधून वाट काढत कप ठेवायला जागा शोधायची. मारोतीची बायको कमला कधीकधी त्याच्याबरोबर यायची, शोभाजवळ ओसरीत बसून मोहफुलं निवडायची. त्या फुलांचा गोड, जडसर वास शेडपर्यंत यायचा आणि ऑइलच्या वासात मिसळायचा. मला आजही ते दोन वास वेगळे आठवत नाहीत.

गाडी सुरू झाली त्या थंडीत कमला गेली. आठ दिवसांचा ताप, सरकारी दवाखाना, मग नागपूर, मग काहीच नाही. मुलगा हैदराबादेत नोकरीला. तो पंधरा दिवस राहून परत गेला. सोळाव्या दिवशी चार वाजता लुना फाटकात वाजली. मारोती आला, बॉनेट उघडलं, पंख्याचा पट्टा दाबून पाहिला आणि म्हणाला, "थोडा ढिला हाय." ढिला नव्हता. मी म्हणालो, "हो, पाहू."

मग तो उन्हाळा आला. गाडी पूर्ण झाली होती. एका सकाळी आम्ही तिघं बल्लारपूरला निघालो, मी चालवत होतो, मारोती शेजारी, शोभा मागे अवघडून. रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडीनं दम टाकला. एसी चालू होता, तिघांचं वजन होतं आणि हे इंजिन असंच असतं. वर फिरायला लागलं की पळतं, खालच्या गतीला त्यात जीव नसतो. मागून एक मालवाहू टेम्पो हॉर्न देत आला आणि आम्हाला ओलांडून गेला. टेम्पोत कोंबड्या होत्या. शोभा हसली. मलाही हसू आलं. मारोती समोर पाहत राहिला.

संध्याकाळी तो म्हणाला, "मास्तर, इले टर्बो लावू."

मी म्हणालो, "हे बिनटर्बोचं इंजिन हाय मारोती. आतला दाब आधीच जास्त ठेवला हाय त्यायनं. वरून हवा कोंबली तर फुटंल."

"कमी कोंबू. थोडीशीच."

"आनं आपल्या इथला उन्हाळा? छेचाळीस डिग्रीची हवा आत जाईल. ठोके मारंल ते. एक पट्टी तुटली का संपलं."

"हवा थंड करूनच देऊ ना आत. मोठी जाळी लावू समोर. मी पूर्ण जिंदगी हेच तं केलो."

असं सुरू झालं आणि दोन महिने चाललं. तो रोज काहीतरी नवं घेऊन यायचा. एकदा एका डिझेल गाडीचा जुना टर्बो आणला, घासून इतका लख्ख केलेला की त्यात शेडचं छप्पर दिसत होतं. एकदा शाळेच्या वहीत पाइपांचं चित्र काढून आणलं, मापं सगळी इंचात. मी माझी पुस्तकं काढायचो, आकडे मांडायचो, चष्मा पुसायचो. "हे पाहा, इथी तापमान इतकं वाढते." तो पाहायचा, मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या आकड्यावर तोड घेऊन यायचा. त्याच्या तोडी चांगल्या होत्या. मला हे तेव्हाही दिसत होतं. माझ्या एकेका हरकतीला तो एकेक वाट काढत होता आणि मी नवीन हरकत शोधत होतो.

कारण खरं सांगायचं तर, हरकत इंजिनाची नव्हतीच. मी थकलो होतो. तीस वर्षं उभं राहून शिकवलं होतं, तीन वर्षं शेडमध्ये वाकून काढली होती, गुडघे आणि कंबर दोन्ही बोलत होते. मला ते इंजिन पुन्हा उघडायचं नव्हतं. एकदा झालं, चाललं, आता चालू दे, असं वाटत होतं. सकाळी थोडी फिरवावी, पुसावी, चादर घालावी. हे थकल्याचं कारण मी त्याला सांगितलं असतं तर त्यानं लगेच ऐकलं असतं. पण मास्तराला आकड्यात बोलायची सवय. मी आकडेच सांगत राहिलो.

शोभानं एका दुपारी विचारलं होतं. आम्ही दोघं जेवून कूलरसमोर आडवे झालो होतो. बाहेर लू वाहत होती, खिडकीच्या फटीतून तिचा आवाज येत होता.

"मारोतीभाऊंले नाई काऊन म्हणता तुमी?"

"इंजिन फुटंल."

"फुटलं तर?"

"फुटलं तर म्हणजे? तीन वर्षं गेली ना त्यात."

तिनं कूस बदलली. मग म्हणाली, "ते घरी एकटे असतात. चार वाजेपर्यंत कसे बसत असतील, मले तर समजत नाई."

मला समजलं ती काय म्हणते ते. मी डोळे मिटून घेतले. झोप लागली नाही, पण मी झोपलोय असं तिला वाटू दिलं. आज इतक्या वर्षांनी त्या दुपारची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

मे संपत आला तेव्हा एका सकाळी तो चारची वाट न पाहता साडेसहालाच आला. आकाश धुळीनं पांढुरकं झालं होतं. त्यानं लुनाच्या मागून एक पोतं सोडलं, त्यात हवा थंड करायची जाळी होती, कुठल्याशा गाडीची, नीट धुतलेली. शेडच्या दारात ती टेकवून तो म्हणाला, "मास्तर, आज एकच बोला. कराचं का नाई कराचं?"

मी म्हणालो, "नाई मारोती. चालत्या इंजिनाले हात नाई लावाचा."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यानं क्षणभर जाळीकडे पाहिलं. "बरं मास्तर," म्हणाला. राग नव्हता, नाराजीही दिसली नाही. शोभानं चहा दिला, तो प्यायला, कप स्वतः विसळून ठेवला. जाळी पोत्यात घालून लुनाला बांधली आणि गेला.

त्यानंतरही तो चार-पाच दिवस आला. आम्ही शेडच्या सावलीत खुर्च्या टाकून बसायचो. समोर गाडी, पूर्ण, स्वच्छ, तिच्यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि आम्हाला बोलायला काही सुचत नव्हतं. तीन वर्षं आमच्या मधे एक उघडं इंजिन होतं, त्याच्या आडून आम्ही एकमेकांशी बोलायचो, हे तेव्हा कळलं. तो उन्हाचं बोलायचा, मी पाण्याच्या टँकरचं. मग दोघंही रस्त्याकडे पाहायचो. सहाव्या दिवशी म्हणाला, "गावाकडे जाऊन येतो. धानाची पेरणी हाय, भाऊ एकटा हाय. रोवणा झाला का येतो."

रोवणा म्हणजे भातलावणी झाली, धान कापलं गेलं, दिवाळी झाली. खाणीजवळच्या दुर्गापुरातल्या त्याच्या दोन खोल्या त्यानं सोडल्याचं मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. फोन केला की तो आनंदानं बोलायचा, शोभाची चौकशी करायचा, गाडी कशी आहे विचारायचा. "मस्त," मी म्हणायचो. "राहू द्या मस्त," तो म्हणायचा. मग रेंज जायची.

इंजिनाबद्दल माझंच बरोबर होतं. टर्बो लावला असता तर कदाचित पहिल्याच उन्हाळ्यात ते गेलं असतं. आज ते धडधाकट आहे. या बरोबर असण्याचा मला चार वर्षांत एक दिवसही उपयोग झालेला नाही.

यंदा कूलरचं गवत बदलून झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी शोभाला म्हणालो, "मारोतीकडे जाऊन येतो. गाडी घेऊन." तिनं डबा भरून दिला. संध्याकाळपर्यंत परत यायचं ठरलं होतं. पहाटेच निघालो. मूल आणि सावली ही गावं मागे पडली, मग वैनगंगेचा पूल. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त. गडचिरोलीच्या पुढे जंगल सुरू झालं, पानगळीनं उघडं पडलेलं, मधेच एखादं कुसुमाचं झाड लालभडक पालवी घेऊन उभं. समोरून खनिजाचे ट्रक रांगेनं येत होते, त्यांची लाल धूळ काचेवर बसत होती. गाडी एका सुरात चालली. कुठेही दम टाकला नाही. शेजारची सीट रिकामी होती, वजनच नव्हतं.

त्याच्या गावाचा रस्ता डांबरी नव्हता आणि गाडी फार बुटकी. ती मुख्य रस्त्याला एका टपरीजवळ लावून मी अर्धा तास चालत गेलो. विड्यांसाठीच्या तेंदूपानाचे दिवस होते. घराघरापुढे बाया बसून पानांचे पुडे बांधत होत्या, हिरव्या पानांचा कडवट वास सगळ्या गल्लीत. मारोतीचं घर विचारावं लागलं नाही. मांडवाखाली तीन मोटरसायकली उभ्या होत्या, एक फवारणीचा पंप उघडा पडला होता आणि मधोमध पाण्याच्या जुन्या डिझेल इंजिनापुढे मारोती उकिडवा बसला होता. केस पूर्ण पांढरे झालेले. मला पाहून तो उठला, हात पुसायला लागला, पण पुसता पुसताच त्यानं माझे हात धरले. काळं ऑइल माझ्या मनगटापर्यंत लागलं.

"मास्तर. कशानं आले?"

"गाडीनं."

"अरे बापा. कुठी हाय?"

"रोडवर. इथपर्यंत येत नाई ती."

तो लगेच निघाला. उन्हात अर्धा तास चालत आम्ही परत रस्त्यावर आलो. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि मला सुरू करायला सांगितलं. मान वाकडी करून तो बराच वेळ ऐकत होता. टपरीवरचे चार लोक जवळ आले. "चांगली चालून राह्यली," तो म्हणाला. "चांगली राखली तुमी."

मग मी ते बोललो. वाटेत कुठेतरी, बहुधा पुलावर, माझं ठरलं होतं. "मारोती, टर्बो लावू या का इले?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता काऊन?"

"असंच. वाटलं."

"चालत्या इंजिनाले काऊन हात लावाचा मास्तर?" तो म्हणाला. टोमणा नव्हता त्यात, तो खरंच मला समजावत होता. "तवा माह्या जवळ दिवस पडले होते, म्हणून मी तुमच्या मागं लागलो होतो. आता इथी सारं गाव येते. हे बंद पडलं, ते बंद पडलं. फुरसत नाई."

परत चालताना सावली कुठेच नव्हती. मी मागे पडत होतो, तो माझ्यासाठी थांबत होता. एकदा थांबून त्यानं विचारलं, "तुमी दिवसभर काय करता आता?"

मी सांगायला सुरुवात केली. पेपर. कूलरमध्ये पाणी. आठवड्यातून दोनदा गाडी सुरू करतो. इतकं सांगून झालं आणि पुढे काही आठवेना. घरी पोचल्यावर त्याच्या वहिनीशी तो गोंडीत दोन शब्द बोलला. तिनं माझ्यासाठी पाणी आणलं आणि मांडवात एक खाट टाकली.

"थांबा दोन रोज," मारोती म्हणाला. "भाऊ पानं तोडाले जाते सकाळीच. हे इंजिन उघडाचं हाय, त्याचं मोठं चाक एकट्यानं नाई निघत."

मी म्हणालो, शोभा वाट पाहत असेल. तो म्हणाला, चिंचेखाली रेंज येते. चिंचेखाली उभं राहून मी फोन लावला. शोभानं सगळं ऐकून घेतलं. "कपडे नेले नाई ना तुमी?" ती म्हणाली. "मारोतीभाऊंचे घाला. डबा आज खाऊन घ्या, खराब होईल."

मी परत आलो तेव्हा तो चाकाची चावी, म्हणजे चाक दांड्याला घट्ट धरणारी पाचर, ठोकून सैल करत होता. मी घड्याळ काढून खाटेवर ठेवलं आणि त्याच्या समोर खाली बसलो. गुडघे बोलले. चाक मातीनं आणि जुन्या ग्रीसनं माखलेलं होतं आणि उन्हानं गरम.

"इथून धरा," मारोती म्हणाला. "मी तीन म्हणलो का वढाचं."